मांजर्लीच्या लेबलकाकू

लेबलकाकू कुणालाही भेटल्या की आधी त्या माणसाच्या मानेला हात लावायच्या. गळाभेटीसाठी नव्हे. ड्रेसचा किंवा शर्टाचा गळा मागून हलकेच उलटायचा, आतलं लेबल अंगठ्याने सरळ करायचं, डोळे बारीक करून वाचायचं आणि मग विचारायचं, "बरी आहेस ना?" लग्न होऊन मी बदलापूरला राहायला आले त्या आठवड्यात जिन्याखालीच त्यांनी माझा गळा असा उलटला होता. मी दचकून मागे सरकले. त्या म्हणाल्या, "घाबरू नकोस. हा थंड पाण्यात धू आणि एकटाच धू." मग माझ्या सासूबाईंना सून चांगली आहे असं सांगून त्या आपल्या दारात शिरल्या.

आमची इमारत मांजर्लीत, नदीपासून फार लांब नाही. काकू तळमजल्यावर, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलता मुलगा कल्याणला नोकरीला. खरं नाव शोभा, पण ते फक्त लाइटबिलावर दिसायचं. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये एका कपड्यांच्या कारखान्यात त्यांनी बावीस वर्षं काढली होती. शिवून आलेल्या कपड्याचे लोंबते धागे कापायचे, आत लेबल लावायचं आणि एकदा उलटसुलट पाहून पुढे द्यायचं, हे त्यांचं काम. तिथले सिंधी शेठ सगळ्यांना साईं म्हणायचे, यांना मात्र लेबलवाली. त्या नावाने घरापर्यंत पाठलाग केला आणि आमच्या इमारतीत त्याचं लेबलकाकू झालं. काकूंना ते आवडायचं की नाही, मला कधी कळलं नाही. हाक मारली की ओ द्यायच्या एवढं खरं.

लेबलावरच्या खुणा त्यांना तोंडपाठ होत्या. बादलीत हात म्हणजे हाताने धुवायचं, त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच नको, चौकोनातल्या गोलावर फुली म्हणजे मशीनमध्ये वाळवायचं नाही. मी पदवीधर, अंबरनाथच्या एका कंपनीत हिशेबनीस, आणि ह्या खुणा मी तोवर कधी पाहिल्याच नव्हत्या. माहेरी सगळं धुणं विहिरीवरच्या दगडावर व्हायचं. कपडा टिकला तर टिकला. काकू मला म्हणायच्या, "दगडावर आपटताना तुझ्या हाताला कळत होतं, कुठे थांबायचं ते. मशीनला हात नाहीत. ते नुसतं फिरतं."

मशीन सुरू केलं की काकू त्याच्यासमोर स्टूल टाकून बसायच्या. पाऊण तास, एक तास, जो लागेल तो. भाजीसुद्धा तिथेच निवडायच्या. मशीन चालू ठेवून दुकानात गेल्या असं कधी झालं नाही. एकदा भाजीवाल्याकडे आम्ही दोघी उभ्या असताना त्यांना आठवलं की, धुवायला काढलेल्या ब्लाउजचे हूक लावायचे राहिलेत. मशीन सुरूही नव्हतं, कपडे नुसते टोपलीत होते. तरी हातातली कोथिंबीर ठेवून त्या घरी निघाल्या. उघडा हूक दुसऱ्या कपड्यात अडकतो, एक धागा ओढला जातो आणि सगळा कपडा आखडतो, हे त्यांनी मला चालता चालता सांगितलं. बोलताना त्यांना धाप लागली होती. मला त्या वेळी हसू आलं होतं.

जुन्या मच्छरदाणीच्या पिशव्या शिवून त्यांनी इमारतीतल्या प्रत्येक घरी दिल्या होत्या. हूकवाले, नाडीवाले, बारीकसारीक कपडे त्यात घालून मग मशीनमध्ये टाकायचे. पावडर मोजायला औषधाच्या बाटलीचं टोपण. कुणी मूठभर ओतताना दिसलं तर त्या कळवळायच्या. जास्त फेस झाला की तो कपड्यातच राहतो, अंगाला खाज सुटते, काळ्या कपड्यावर पांढरे पट्टे उठतात. मशीन भरून झालं की वरच्या रिकाम्या जागेत तळहात उभा घालून बघायच्या. हात गेला नाही तर दोन कपडे बाहेर. टॉवेलबरोबर सिल्क नाही, ओढणीबरोबर चेनची पँट नाही. आणि नवी जीन्स कुणाबरोबरच नाही. कॅम्प दोनमध्ये त्यांनी जीन्सचे ढीगच्या ढीग पाहिले होते. "पहिली पाच धुणी जीन्सचा रंग तिचा स्वतःचा नसतो," असं त्या म्हणायच्या. "जो शेजारी येईल त्याचा होतो."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं, की माझ्या कानांना त्याची सवय झाली होती. सवय झाली की माणूस ऐकत नाही.

माझ्या लग्नानंतरच्या तिसऱ्या वर्षी सासऱ्यांच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे त्यांच्या स्मृतिदिनाचा, कार्यक्रम ठरला. रविवारी घरी बुद्धवंदना, नातेवाइकांचं जेवण. सासूबाईंना, म्हणजे आईंना, त्या दिवशी एकच साडी नेसायची होती. पांढरी सुती, फिक्या निळ्या काठांची. सासऱ्यांनी आजारी पडायच्या आधी घेतलेली शेवटची साडी. आईंनी ती दोनदाच नेसली होती. पाहुण्यांना बोलवायला त्या गुरुवारी अंबरनाथला माझ्या नणंदेकडे गेल्या, शनिवारी संध्याकाळी येणार होत्या. जाताना त्यांनी साडी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "हाताने धू. साध्या पाण्यात."

शुक्रवारी मी रजा घेतली होती. भांडी काढायची होती, किराणा आणायचा होता, घर झाडायचं होतं. मशीनवर नाजूक कपड्यांचं बटण आहे, थंड पाणी आहे, मग हाताने आणि मशीनने असा काय फरक पडणार, असं मी स्वतःला समजावलं. साडी आत टाकली, झाकण लावलं, बटण दाबलं. आत वाकून पाहिलं नाही.

सकाळी प्रशांतने, माझ्या नवऱ्याने, आपली नवी गडद जीन्स धुवायला म्हणून आत टाकली होती. ती मागे चिकटून बसली होती. दहा-पंधरा मिनिटांनी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तेव्हा मशीनच्या काचेतून निळं पाणी दिसलं. मी थांबवायचं बटण दाबलं, पण पाणी जाऊन कुलूप सुटेपर्यंत झाकण उघडत नाही. ती दोन-तीन मिनिटं मी काचेला हात लावून उभी होते. आत साडी दिसत होती आणि मला तिला हात लावता येत नव्हता.

बाहेर काढली तेव्हा पदरापासून मध्यापर्यंत निळे ढग उठले होते, कुठे दाट, कुठे विरळ. मी खाली दुकानात पळाले आणि ब्लीचची बाटली आणली. टोपण उघडलं, त्या वासाने डोळ्यांत पाणी आलं, आणि तेव्हा कुठे माझा हात थांबला. ओली साडी बादलीत घालून मी काकूंच्या दारात गेले. बाटलीही हातातच होती.

काकूंनी आधी बाटली माझ्या हातातून काढून घेतली आणि मोरीच्या पलीकडे ठेवली. मग विचारलं, "ऊन दाखवलंस? इस्त्री फिरवलीस?"

मी नाही म्हणाले.

"मग अजून आपल्या हातात आहे. वाळू द्यायची नाही. उष्णता लागली की रंग बसतो."

त्यांनी साडीचा काठ हातात घेतला, उलटला, पदराचं टोक उलटलं, पुन्हा काठ पाहिला. लेबल शोधत होत्या. साडीला लेबल नसतं हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं, तरी बोटं शोधत राहिली. मी इतकी घाबरलेली असूनही ते मला दिसलं.

मग त्या शांत झाल्या, निदान तसं दाखवू लागल्या. पदराच्या दशीतला एक धागा कापला, टॉवेलात दाबून सुकवला आणि चिमट्यात धरून काडी लावली. कागद जळल्यासारखा वास आला, राख बोटांत विरली. "सुती आहे, भेसळ नाही," त्या म्हणाल्या. भेसळ असती तर गोळी झाली असती, हे कारखान्यात शेठकडून शिकलेलं. नंतर काठावर ओला पांढरा रुमाल दाबून ठेवला. रुमालाला काठाचा निळा लागला नाही. एवढं झाल्यावर त्यांनी कपाटातून डब्यातली पावडर काढली, रंगीत कपड्यालाही चालणारी, ऑक्सिजनची. माझी बाटली वापरली असती तर काठ उडाला असता आणि पांढरं पिवळं पडलं असतं, असं त्यांनी सांगितलं. कोमट पाण्यात पावडर पूर्ण विरघळवली, साडी त्यात बुडवली आणि आम्ही दोघी बादलीच्या दोन बाजूंना बसलो.

दर तासाला पाणी बघायचं. निळसर झालं की बदलायचं. मला वाटत होतं की हात घालून चोळावं. काकू चोळू देत नव्हत्या. दुपार गेली. पाहुण्यांचे फोन येत होते, मी काहीतरी उत्तरं देत होते. तशीच दुसरी साडी कुठे मिळेल का, उल्हासनगरला जाऊन शोधली तर आईंना कळेल का, हे मी एकदा बोलून गेले.

काकूंनी बादलीतलं पाणी बदललं. मग त्यांनी मला आपल्या आईच्या गोधडीची गोष्ट सांगितली. आईने ती स्वतःच्या आणि तिन्ही लेकींच्या जुन्या साड्यांची शिवली होती. आई गेल्यावर आक्का, शोभा आणि सुमन, तिन्ही बहिणींनी ठरवलं की गोधडी शोभाकडे राहील आणि जी बहीण मुक्कामाला येईल ती तीच पांघरेल. काकूंनी नवं मशीन घेतलं तेव्हा हौसेने सगळ्यात आधी ती गोधडी आत घातली. गरम पाणी, पूर्ण वेळ, जोरात पिळणं. जुनं विरलेलं कापड ते. बाहेर आल्या त्या चिंध्या. पाणी जायच्या नळीतसुद्धा आईच्या लुगड्याचे धागे अडकले होते, ते त्यांनी चिमट्याने काढले. इतकी वर्षं दुसऱ्यांचे कपडे तपासले आणि स्वतःच्या आईचं कापड हाताने चाचपून पाहिलं नाही, असं त्या म्हणाल्या.

पुढच्या पावसाळ्यात मांजर्लीत पूर आला. मी तेव्हा इथे नव्हते. तळमजल्यात छातीपर्यंत पाणी होतं, अंथरूण-पांघरूण सगळं चिखलात गेलं. बहिणी मदतीला आल्या, तेव्हा गोधडीचं विचारलं. काकूंनी सांगितलं, पुरात गेली.

"आक्का दोन वर्षांनी वारली," काकू म्हणाल्या. "मी सांगितलंच नाही तिला. म्हणून तुला सांगते. हा रंग निघेल, नाहीतर नाही निघणार. पण तुझी सासू घरात आली की तिने शोधून काढायच्या आधी तू सांग. नंतर सांगायला जागा राहत नाही."

शनिवारी दुपारपर्यंत आम्ही पाच वेळा पाणी बदललं. ढग विरत गेले. शेवटी पदरालगत दोन फिके डाग राहिले, नखाएवढे. मी आणखी एकदा भिजवूया म्हणाले. काकूंनी साडी उजेडात धरली, दोन बोटांत सूत चाचपलं आणि नको म्हणाल्या. आणखी केलं तर डागाबरोबर कापडही जाईल. सावलीत वाळवली, उलट्या बाजूने हलकी इस्त्री केली. घडी त्यांनी माझ्या हातात दिली. सांगायचं ते आधीच सांगून झालं होतं.

आई आल्या. पिशवी खाली ठेवायच्या आत मी दारातच सगळं सांगून टाकलं, हाताने धुतली नाही इथपासून. आई खुर्चीवर बसल्या, साडी मांडीवर उलगडली आणि डाग कुठे आहेत ते मला दाखवायला सांगितलं. मी दाखवले. त्यांनी दोन्हीवर बोट ठेवून पाहिलं. मग साडी गुंडाळली आणि आत गेल्या. जेवतानाही त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. प्रशांत मध्ये पडायला गेला, त्यालाही त्यांनी हाताने थांबवलं.

रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात असताना त्या तीच साडी नेसून बाहेर आल्या. पदराच्या निऱ्या अशा घातल्या होत्या की एक डाग आत गेला होता. दुसरा दिसत होता.

"राग आहे मला," त्या म्हणाल्या. "तो राहील थोडे दिवस. पण तू सांगितलंस म्हणून नेसले. नेसताना मला डाग सापडला असता ना, तर ही साडी मी परत कधीच उघडली नसती."

वंदनेला काकू मागच्या रांगेत बसल्या होत्या. आईंना त्या साडीत बघून त्यांनी पदर डोळ्यांना लावला. शेजारच्या बाईंना वाटलं, सासऱ्यांच्या आठवणीने.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी काकू माझ्याकडे आल्या आणि अंबरनाथला सुमनकडे जायचंय, बरोबर येशील का, असं विचारलं. मी कारण विचारलं नाही. रिक्षात त्या पर्सची चेन उघडत होत्या, लावत होत्या. सुमनमावशींच्या घरी चहा झाला, नातवंडांची चौकशी झाली, आणि काकू उशीच्या नव्या अभ्र्यावरचं लेबल वाचत बसल्या. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. मला वाटलं, आज होत नाही.

"सुमे," त्या लेबलावरची नजर न काढता म्हणाल्या, "आईची गोधडी पुरात नाही गेली. मी मशीनमध्ये घातली. चिंध्या झाल्या."

सुमनमावशी उठल्या, आत जाऊन गॅस बंद केला आणि परत येऊन बसल्या.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "पुरात तुझं कपाट गेलं, पंखा गेला, तू एकेका वस्तूचं नाव घेऊन रडत होतीस. गोधडीचं विचारलं की गप्प. आक्का आणि मी तेव्हाच समजलो, काहीतरी वेगळं झालंय."

"आक्कालाही?"

"तिनेच मला सांगितलं, विचारू नकोस म्हणून."

काकूंनी उशी मांडीवर घट्ट धरली.

सुमनमावशी म्हणाल्या, "गोधडीचं जाऊ दे गं. तू आम्हाला मुक्कामाला बोलवायचं बंद केलंस. आक्का शेवटपर्यंत विचारायची, आपलं काय चुकलं म्हणून. ते आम्हाला उमगत नव्हतं."

"तुम्ही आलात की पांघरायला तीच मागाल," काकू म्हणाल्या. "मी काय देणार होते?"

मग सुमनमावशींनी विचारलं, एखादा तुकडा तरी ठेवलास का. काकूंनी नकारार्थी मान हलवली. सगळ्या चिंध्या पिशवीत भरून सकाळी कचऱ्याच्या गाडीत टाकल्या होत्या, कुणी बघायच्या आत. तेव्हा मात्र सुमनमावशी रडल्या. मी उठून बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहिले. बऱ्याच वेळाने आत आले तर दोघी भांडत होत्या. आईची एक हिरवी साडी गोधडीच्या कोणत्या कोपऱ्यात होती, यावरून.

आता माझ्या घरी मशीनमध्ये काही टाकायच्या आधी मी आत हात फिरवते. तळापर्यंत, कडेकडेने. प्रशांत हसतो. खिसे उलटते, चेन लावते, लेबल वाचते, आणि दर वेळी त्या साडीची धास्ती मनात येते. ती जात नाही आणि जावी असं मला वाटतही नाही. मागच्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावरची नवी सून आखडलेला स्वेटर घेऊन माझ्याकडे आली. तो काही नीट होणार नव्हता, लोकर गरम पाण्यात आटली की आटली. मी तिला कोमट पाण्यात केसांचं कंडिशनर घालून भिजवून, हलके ताणून बघायला सांगितलं, थोडाफार सैल झाला. बाकी तिने घरी काय सांगायचं, तेही सांगितलं.

काकू गेल्या वर्षी वांगणीला राहायला गेल्या. मुलाने तिथे नव्या इमारतीत घर घेतलं, चौथ्या मजल्यावर. पाऊस लागला की त्यांचं नदीकडे कान लावून बसणं त्याला बघवत नव्हतं. निघायच्या दिवशी मशीन टेम्पोत चढवताना त्या हमालांच्या मागेपुढे फिरत होत्या. आतला ड्रम हलू नये म्हणून मागे बोल्ट लावून घेतले होते, ते दोनदा मोजले. नळी कोरडी केली आहे ना, वायर चिमटली नाही ना, आडवं ठेवू नका. आईंनी डब्यात पुऱ्या दिल्या. मी काही दिलं नाही, काय द्यावं ते सुचलंच नाही. काकूंनी माझ्या गालावर हात ठेवला आणि वांगणी काही लांब नाही, असं म्हणाल्या. लांब नव्हतीच, तरी मला रडू आलं.

सुमनमावशी सामान लावायला म्हणून बरोबर निघाल्या होत्या, पिशवीत आठ दिवसांचे कपडे घेऊन. पुढच्या सीटवर दोघी शेजारी बसल्या आणि टेम्पो गेला.

मी महिन्याभराने फोन केला. मशीन नीट बसलं का, तिथलं पाणी कसं आहे, हे सगळं मीच विचारत राहिले. काकू चांगलं आहे म्हणाल्या. सुमनमावशी कधी परत गेल्या असं विचारलं, तर म्हणाल्या, "गेली कुठे? आत झोपलीय." मागे मशीन फिरत असल्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, काकू, मशीन चालू आहे का, मग नंतर बोलू. त्या म्हणाल्या, "चालू दे गं. तू बोल."